उसनी लोकसंख्या

जगात माणसे मावेनाशी झाली आहेत, हा धडा भूगोलाच्या बाई ज्या वर्गात शिकवत, त्या वर्गातले बाक वर्षागणिक रिकामे होत चालले होते. धड्याच्या डोक्यावर गर्दीचे चित्र होते: खांद्याला खांदा, डोक्याला डोके, मध्ये टाचणी पडायला जागा नाही. वर्गात मात्र मागच्या तीन बाकांवर फक्त धूळ बसत असे, आणि नियमित हजेरी म्हणाल तर तिचीच होती. हा विरोधाभास आहे, असे कोणी म्हटले असते तर बाईंनी त्याला तिथेच अडवले असते. विरोधाभास कसला? इथले आईबाप जिथे काम मिळाले तिथे गेले, लेकरे त्यांच्यामागून गेली; चित्रातली ती गर्दी म्हणजे हीच माणसे. पण असे काही म्हणणारे शिक्षकखोलीत कोणी नव्हते. तिथला ज्वलंत प्रश्न पंखा कोणाच्या डोक्यावर यावा हा होता.

बाईंनी ऐन तारुण्यात एक प्रबंध लिहिला होता. घर सोडून गेलेल्या माणसाला मोजायचे कसे आणि कुठे, हा त्याचा विषय. पदवी मिळाली, प्रबंध ग्रंथालयात गेला, आणि त्यानंतर त्याचे एकाग्रतेने सेवन कोणी केले असेल तर ते वाळवीने. बाईंच्या हाती उरली नववीची तुकडी. त्या तुकडीला त्या एकच गोष्ट मनापासून शिकवत: आकडा दिसला की मान डोलावू नका. तो कोणी मोजला आणि कुठे उभे राहून मोजला, ते आधी विचारा.

बहुतेकांनी हे एका कानाने ऐकले आणि दुसऱ्याने सोडून दिले. एकीने मात्र ते गाठीला बांधले. वर्गाने तिचे नाव ‘शंका’ ठेवले होते. बाईंचे वाक्य पुरे व्हायच्या आत तिचा हात वर गेलेला असे. आई एकदा “शंभरदा सांगितलं तुला” म्हणाली, तेव्हा “मोजलं कोणी?” एवढे विचारून तिने पाठीत धपाटा खाल्ला होता, आणि ती हकिगत दुसऱ्या दिवशी बाईंना बक्षीस मिळाल्यासारखी सांगितली होती. बाई हसल्या नाहीत. वीस वर्षांत एक माणूस तयार झाले, एवढेच त्यांच्या मनात आले. आणि हे प्रमाण कोणत्याही विद्यापीठापेक्षा वाईट नव्हते.

नववीचा पट त्या वर्षी किमान संख्येच्या खाली घसरला. तपासणीत तसे आढळले तर तुकडी बंद, आणि नववी गेली की दहावी आपोआप जाणार. उरलेल्या मुलांनी हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेत जावे, असे वरून सुचवण्यात आले होते. सुचवणाऱ्यांनी नकाशा पाहिला असावा. नकाशावर ते अंतर बोटभर होते. बसला किती वेळ लागतो, हे नकाशावर लिहिलेले नसते.

शंकेची आई घरी शिलाई मशीनवर पोती शिवायची. पालकसभेला ती मांडीवर सुतळीचा गुंडा घेऊनच आली होती.

“बाई, स्पष्ट सांगते, रागावू नका,” ती म्हणाली. “शाळा चालत जाण्यासारखी आहे म्हणून ती जाते. बसचं काम आम्हाला जमायचं नाही. तुकडी गेली तर ती माझ्या शेजारी मशीनवर बसेल. दुसरं मशीन बोलूनही ठेवलंय मी.”

तिच्या स्वरात कठोरपणा नव्हता. पाऊस आला तर छत्री घेऊ, असे म्हणावे तसे ती म्हणाली. बाईंना वाद घालायला जागाच मिळाली नाही, आणि त्याचाच त्यांना अधिक संताप आला.

हेडसरांनी बाईंना खोलीत बोलावून दार लोटून घेतले.

“तोड निघाली बाई! मोठी शाळा आमच्या मेहुण्याचीच. त्याच्याकडे एकेका वर्गात मुलं डब्यातल्या पापडांसारखी रचलीत. म्हणाला, दाजी, एका दिवसापुरती वीसेक घेऊन जा, माझ्याच मुलांना श्वास घ्यायला मिळेल.”

“म्हणजे आपण साहेबांना खोटी मुलं दाखवायची.”

“खोटी कशी? चांगली हाडामांसाची आहेत. खोटी नाहीत, उसनी आहेत. नावं आपल्या पटावर मी चढवतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणत नाही का आपण?”

“साखरेला कोणी नाव विचारत नाही, सर.”

“बाई, तुमचं वाचन फार, हे मान्य. पण तत्त्व आणि पट यांत पट आधी. पटच नसेल तर तत्त्व शिकवणार कोणाला, मला?” हेडसर जरा जवळ सरकले. “आणि तपासणीला तुमचाच तास ठेवलाय. साहेबांना नकाशे आवडतात. फक्त एक करा. त्या शंकेला त्या दिवशी घरी बसवा.”

तोवर बाईंनी स्वतःला कसेबसे समजावत आणले होते. एका दिवसाचे असत्य आणि एका मुलीची दोन वर्षे, असा तराजू त्यांनी मनात धरला होता आणि तो कुठे झुकतो हे त्यांना दिसत होते. पण हे शेवटचे वाक्य त्यांच्या घशाखाली उतरेना.

“सर, पट भरायला तुम्ही बाहेरची मुलं आणताय, आणि पटावरची खरी मुलगी घरी बसवताय?”

“ती तोंड उघडल्याशिवाय राहणार नाही.”

“ती येईल. जबाबदारी माझी.”

“लिहून ठेवू का?” हेडसर म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर हसले. बाई बाहेर पडल्या. आपण होकार दिला आहे, हे त्यांना व्हरांड्यात आल्यावर कळले.

तपासणीच्या दिवशी सकाळी मोठ्या शाळेची गाडी मागच्या फाटकाशी लागली आणि उसनी मुले रांगेने उतरली. त्यांच्या गळ्यात टाय होते. शिपायाने ते काढून एका पिशवीत भरले. कॉलरीच्या घड्या मात्र टाय असल्यासारख्या ताठच राहिल्या. आणि मग जो धडा बाईंना शिकवायचा होता, तो वर्गाने घंटा व्हायच्या आतच करून दाखवला.

“ऊठ, हा माझा बाक आहे.”

“नाव लिहिलंय का तुझं?”

“लिहिलंय! हे बघ, कर्कटकानं कोरलंय. तू कुठून आलास तिथे जा ना परत.”

“आम्ही काय हौसेनं आलोय? आम्हाला आणलंय.”

“एवढे जण आलात तर पंख्याचा वारा तरी पुरेल का?”

“आमच्याकडे पंखेच नाहीत. खिडकीजवळ तरी बसू दे, शहाण्या!”

जी मुले परवापर्यंत रिकाम्या बाकांवर पाय पसरून बसत होती, त्यांना आज जमिनीची टंचाई एकाएकी जाणवू लागली होती. राज्ये चालवणाऱ्या प्रौढांना याच तर्कासाठी सल्लागार नेमावे लागतात. नववीला तो उपजत अवगत होता. बाईंनी डस्टर टेबलावर आपटले. शंका मात्र भांडणात नव्हती. तिने बाकावर सरकून एका उसन्या मुलीला जागा दिली होती, आणि तुमच्या वर्गात मागे बसलेल्यांना फळा दिसतो का, याची ती बारकाईने चौकशी करत होती.

तपासनीस साहेब आले. उशी घातलेल्या खुर्चीत, वर्गाच्या मागच्या बाजूला, पोटावर हात ठेवून बसले. त्यांना आम्लपित्ताचा त्रास होता आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर कायमचा वस्तीला आलेला दिसत होता. आत येता येता त्यांनी त्या ताठ कॉलरींवरून नजर फिरवली आणि ती नजर सरळ नकाशावर नेऊन ठेवली. बाईंना तेवढ्यावरून सारे उमगले. साहेबांना कळले होते. त्यांना कुठल्याही शाळेत पहिल्या पाच मिनिटांत कळत असणार. न पाहणे हेही एक कसब असते आणि साहेब त्यात मुरलेले होते; त्यांची अपेक्षा इतकीच होती, की आपल्याला पाहायला कोणी भाग पाडू नये.

बाईंनी धडा सुरू केला. माणसाला घराबाहेर ढकलणारी कारणे कोणती, दुसरीकडे खेचून नेणारी कोणती. कोरडी विहीर, बंद पडलेला कारखाना. मग दूरची मजुरी, आधी गेलेला मामा. आवाज नेहमीसारखा लागला. उसनी मुले तोंड उघडे टाकून ऐकत होती. साहेबांनी शेजारच्या बाकावरल्या एकाला सहज विचारले,

“काय रे, बाईंचा तास आवडतो का?”

“हो साहेब! इथे बाईंचा आवाज मागेपर्यंत ऐकू येतो.”

“इथे?” साहेब म्हणाले.

दारात उभ्या हेडसरांना ठसका लागला. मुलाने त्यांच्याकडे पाहिले आणि गडबडून सावरून घेतले: “म्हणजे इथे... या बाकावर.”

“हं,” साहेब म्हणाले आणि पुन्हा नकाशाकडे वळले.

बाईंनी फळ्यावर जगाच्या लोकसंख्येचा आठशे कोटी हा आकडा लिहिला. खडू खाली ठेवेपर्यंत शंकेचा हात वर गेला होता. बाईंनी तो पाहिला नाही असे केले. हात खाली येईना. उलट दुसऱ्या हाताने तिने त्याला कोपरापाशी टेकू दिला. सगळा वर्ग त्या हाताकडे पाहू लागला. शेवटी साहेबच कंटाळून म्हणाले, “तिला काही विचारायचं आहे वाटतं.”

“बाई,” शंका उभी राहिली, “समजा, एक माणूस कामासाठी दुसरीकडे गेला. घरचे म्हणणार, तो आमचाच आहे, आमच्यात धरा. तिथले म्हणणार, राहतो तर इथेच, मग इथे धरा. म्हणजे तो दोन्हीकडे मोजला जाणार ना? मग हे आठशे कोटी... तोच माणूस दुसऱ्या जागी पण मोजलाय का, हे कोणी बघतं का?”

पुढच्या बाकावरच्या उसन्या मुलाने तोंडावर हात दाबला. साहेबांचे पेन शेऱ्याच्या कागदावर थांबले. हेडसर चौकटीला धरून उभे होते.

बाईंनी शंकेच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे खोचकपणा शोधला. तो सापडला असता तर फार सोपे झाले असते. पण पोरगी खरोखरच जगाबद्दल विचारत होती. आपण काय बोललो, हे तिचे तिलाही कळलेले नव्हते.

उत्तर बाईंच्या ओठांवर होते. ते तिथे वीस वर्षे होते. मोजण्याच्या दोन रीती असतात: माणूस सापडेल तिथे मोजायचा, की नेहमी राहतो तिथे; दोन देश दोन रीती वापरतात तेव्हा एखादा दोनदा धरला जातो आणि एखादा कुठेच धरला जात नाही, सगळ्या जगाला एका जागी उभे करून कोणी कधीच मोजलेले नाही, आणि म्हणून हा आकडा म्हणजे पुष्कळ अंदाजांची काळजीपूर्वक केलेली बेरीज आहे. बाईंच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण नेमके याच प्रश्नाने सुरू होत होते. हयातीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आज विचारला गेला, आणि तो अशा खोलीत, जिथली निम्मी मुले या घटकेला दोन पटांवर हजर होती. उत्तराचे पहिले वाक्य उच्चारताच साहेबांना ते ऐकावे लागले असते.

“खाली बस,” बाई म्हणाल्या. “हे आपल्याला नाही.”

“पण बाई, तुम्हीच तर—”

“खाली बस म्हटलं ना! दर वेळी काय आपली हुशारी दाखवायची?”

आधी कोणीतरी एकटे हसले. मग उसने हसले, मग घरचे हसले. त्या सकाळी दोन्ही बाजूंचे प्रथमच एकमत झाले. शंका बसली. तिचे कान लाल झाले होते. शेजारच्या उसन्या मुलीने तिच्याकडे पाहून हळूच स्वतःची वही तिच्यापासून लांब ओढली.

“मुलगी चुणचुणीत आहे,” साहेब म्हणाले, आणि पेन चालू लागले. “प्रश्न जरा पुढच्या इयत्तेचा आहे.”

“अगदी बरोबर साहेब, पुढच्या इयत्तेचा!” हेडसर म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि भांडेही चांदीचे असावे, इतके ते खूष दिसत होते.

तास संपल्यावर उसनी मुले टाय परत घेऊन गाडीत चढली. “बाई, आम्ही उद्या पण येऊ का?” त्यांतल्या एकाने विचारले. “चला, चला, गाडी खोळंबलीय,” शिपाई म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पत्र आले. तुकडी वाचली. शंकेच्या आईने बोलून ठेवलेले मशीन रद्द केले आणि तसे सांगायला ती स्वतः शाळेत आली. “तुमचे उपकार आहेत बाई,” ती म्हणाली. बाईंनी मान हलवली. एखाद्याने नेमक्या चुकीच्या गोष्टीबद्दल आभार मानावेत आणि ते नाकारताही येऊ नयेत, यापरते अपमानास्पद काही असेल, तर ते बाईंच्या वाचनात आले नव्हते.

भूगोलाच्या तासाला त्यांनी पुस्तक मिटून ठेवले.

“त्या दिवशी एक प्रश्न राहिला होता,” त्या म्हणाल्या. “तो फार चांगला प्रश्न होता. मी त्याचं उत्तर दिलं नाही, ही माझी चूक. आज देते.”

शंकेने वर पाहिले. “बाई, हे परीक्षेला आहे का?”

“नाही.”

“मग राहू द्या ना बाई.” ती अगदी अदबीने म्हणाली; टोमणा असता तर बाईंना तो झेलता आला असता. “आई म्हणते, आता तुकडी वाचलीय, तर उगाच नसत्या फंदात पडू नकोस, नीट मार्क पाड.”

“तुला स्वतःला नाही वाटत, जाणून घ्यावंसं?”

“मला तेव्हा वाटलं होतं,” ती म्हणाली.

बाई फळ्याकडे वळल्या. त्यांनी एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे काढली आणि बोलायला सुरुवात केली. त्या नेटकेपणाने बोलल्या, दाखले देत बोलल्या. इतके चांगले त्या यापूर्वी कधीही बोलल्या नसतील. फळ्यावर जे येते ते उतरवून घ्यायचे असते, म्हणून मुलांनी वर्तुळे वहीत उतरवून घेतली. शंकेनेही घेतली, कंपासने, रेघ न हलवता. घंटा झाली. बाईंनी विचारले, “काही शंका?”

वर्तुळे एकमेकांवर का आली आहेत, हे कोणीही विचारले नाही.