नागिणीचा वेढा

अंधार. महिनोन्‌महिने न सरणारा, निबर, निर्दय अंधार. दक्षिण ध्रुवाकडच्या त्या हिमभूमीवर सूर्य उगवायचंच विसरला होता. वारा आसूड उगारून धावे, संशोधन तळाच्या लोखंडी भिंती बडवे, पुन्हा पुन्हा बडवे. मला या बर्फाचं कौतुक नाही. शुभ्र म्हणून काय झालं? खुनी तो खुनीच.

तो माणसाला बाहेरून मारतो, तसाच आतूनही पोखरतो. ऊन नाही, धड झोप नाही, हिरवं पान नाही, समोर तीच तीच तोंडं. हळूहळू रक्तातले पहारेकरी पेंगू लागतात. मग लहानपणीच्या कांजिण्यांचं, मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडलेलं विष डोळे उघडतं.

जनरेटर सांभाळणाऱ्या विठोजी धनावडेच्या कमरेवर ते उमटलं. फोडाला फोड लागून, निखाऱ्यांची माळ, कण्यापासून उजव्या कुशीवरून बेंबीपर्यंत. जावळीच्या डोंगरातला हा आडदांड गडी सदरा टेकला तरी किंचाळे.

"नागीण हाय, म्याडम," तो म्हणाला. "तिचं तोंड शेपटीला मिळालं की मानूस खल्लास. आमच्या चुलत्याचं तसंच झालं."

तळाची डॉक्टर हेमांगी करंदीकर हसली. "काही होत नाही हो. गोळ्या घ्या, वाळेल." इतकंच. का वाळेल, कुठे थांबेल, हे सांगायला ती थांबली नाही. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

वादळ चढलं. वेदना चढली. विठोजीला वाटलं, नागीण सरकतेय, डावीकडे सरकतेय. त्याने जनरेटरच्या खोलीला आतून कडी घातली, ब्लोटॉर्चवर पाना लालभडक तापवला आणि डाव्या कमरेच्या कोऱ्या त्वचेवर, तिची वाट अडवायला, दाबून धरला. कातडी चरचरली. दार फोडून माणसं आत घुसली तेव्हा तो दुसरा डाग द्यायला निघाला होता. हेमांगीने झडप घालून पाना धरला, तिचा तळवा पोळला.

"सोडा!" तिला भिंतीवर ढकलत तो गरजला. "मला जगायचं हाय!"

नागीण वाळली, आली तशी मुकाट गेली. डाग मात्र भरेना. तो चिघळला, हिरवा पडला, काळा पडला. औषधं झाली, सलाइन झालं, पण आतून लढायला कोणी उठेना. आणि असल्या वादळात विमान येणार नव्हतं.

तापाने फणफणलेल्या विठोजीने चाचपडत हेमांगीचा हात धरला. "म्याडम, मिळाली का वो ती?"

ती मिळणारच नव्हती. ती शरीराच्या एकाच अंगाची, कण्याची शीव ओलांडून पलीकडे जात नाही. हेमांगीला हे तेव्हाही ठाऊक होतं.

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही अडवलीत तिला, धनावडे."

"अडवली," तो म्हणाला, आणि जिंकल्यासारखा हसला. मग श्वास थांबला.

मूठ सुटली नाही. हेमांगीने ती सोडवलीही नाही. तिच्या पोळलेल्या तळव्यावर ती कढत मूठ आधी कोमट झाली, मग गार, मग बर्फ.