बापाशेजारी पुरलेली गाठ

माझा धाकटा भाऊ जाफर गुनाचा हाय, पर हट्टाला पेटला की बैल परवडला. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, पाठीमागं न्हाई. फलटनकडं आमचं माहेर, आनि पिढ्यान् पिढ्याचं काम बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचं. साखर कारखाना सुरू झाला की गाड्यांचे बैल येत्यात. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचं, आनि खुरापाशी उकिडवं बसून एकेक खिळा ठोकायचा. सारा धंदा त्या बसन्यावर.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या मांडीत गाठ आली. लिंबाएवढी हुती तवर कुनाला बोलला न्हाई. वाढली, बसताना टोचाय लागली, तवा जवळच्या एका दवाखान्यात गेला. चरबीची हाय म्हनून तिथल्या डॉक्टरनं काढली, बाटलीत घातली आनि सांगितलं, ही सांगलीला तपासाय द्या. मला माधवनगरात दिलेली, सांगली माझ्या दाराशी. एक फोन केला असता तर मी यष्टीनं येऊन बाटली नेली असती.

ह्यानं काय केलं? आमच्यात अंगाचा तुकडा निघाला तर तो मातीला द्यायचा असतो. आमची आई नखं-केसंसुद्धा परड्यात पुरायची. रीत काय चुकीची न्हाई, मीबी पाळते. पर ह्यो शहाना त्याच सांजच्याला कबरस्तानात गेला, अब्बांच्या कबरीशेजारी खड्डा काढला आनि गाठ पुरून आला. बाटली धुतली आनि तिच्यात खिळे ठेवले.

टाके निघाले, जखम भरली. डॉक्टरनं फिरून विचारलं न्हाई, ह्यानं सांगितलं न्हाई. दिवाळीनंतर टाक्यांच्या खाली दगडागत घट्ट लागाय लागलं, तवा कुठं त्याला बहिनीची आठवन झाली.

सांगलीच्या डॉक्टरीनबाईंनी मांडी दाबून बघितली आनि पयलंच विचारलं, आधीच्या गाठीचा रिपोर्ट कुठाय.  जाफर फरशीकडं बघतच म्हनला,

"पुरली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की दवाखाना नसता तर त्याचा कान उपटला असता, पन्नाशीचा झाला म्हनून काय झालं.

सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, मांसातला. सार्कोमा म्हनत्यात त्याला. बाईंनी नीट समजावलं. आधी नुसती गाठ उपटली, तिची मुळं मागंच राहिली. आता जुनी जखम आनि तिच्या भोवतालचं चांगलं मांससुद्धा एका तुकड्यात काढायचं, मग मशीनचा शेक, म्हंजे रेडिएशन, द्यायचा. आत्ता केलं तर पाय राहील. थांबला तर पाय जाईल, आनि फुफ्फुसात पसरलं तर मानूसबी.

एवढं ऐकून ह्यानं काय विचारावं? काढलेला तुकडा मला मिळनार का. बाई म्हनल्या, तो तपासाय जानार, सगळ्या कडा बघाव्या लागत्यात. तर म्हने मी सही करत न्हाई. माझ्या घरी आला, भाकरीबी मोडली न्हाई. एवढा अंगाचा तुकडा कुठल्या कचऱ्यात जाईल, उद्या अल्लाला काय तोंड दाखवू, हेच लावलं हुतं. त्याची बायको अर्फा रडून दमली. मलाबी रडू येत हुतं, पर मला राग आधी येतो.

सकाळी मी एकलीच बाईंकडं गेले. म्हनलं, आमची रीत अशी हाय, ह्यातनं वाट काढा. त्यांनी लॅबमधल्या डॉक्टरांना फोन लावला. तपासून उरलेला तुकडा ते काही दिवस ठेवत्यात, मागितला तर देत्यात. एवढीच गोष्ट हुती, पर कुनी विचारलीच न्हवती. घरी येऊन जाफरला म्हनलं,

"आधी तपासनी, मग माती. तुझं कायबी मी मागं ठेवत न्हाई. सही कर."

केली.

ऑपरेशन लय लांबलं. मांस इतकं गेलं की दुसऱ्या मांडीची कातडी काढून वर लावली. रिपोर्ट आला तवा मी बाईंच्या तोंडाकडं बघायचंच टाळलं. कडा साफ हुत्या, मागं काय राहिलं न्हवतं. जीव भांड्यात पडला, आनि तिथंच मी त्याला शिव्या घातल्या.

लॅबमधनं तुकड्याची बाटली मी आधीच मागून आनली हुती. शेक संपल्यावर ती घेऊन आमी गावी गेलो. आमच्यात बाया कबरस्तानात जात न्हाईत, म्हनून मी दारात थांबले. तो काठी टेकत आत गेला, उभ्यानंच कुदळीनं खड्डा काढला, आनि नुसताच उभा राहिला. आटप की, ऊन चढलंय, म्हनलं मी. त्यानं मागं वळून बघितलं.

"आपा, मला बसता येत न्हाई."

ऑपरेशनपासनं हे तो पयल्यांदाच बोलला. आडदांड बैल पाडनारा माझा भाऊ, हातात बाटली घेऊन उभा.  कोन बघतंय, कोन काय म्हनंल, काय सुचलं न्हाई. चप्पल काढली, पदर डोक्यावर ओढला, आत गेले आनि अब्बांच्या शेजारी उकिडवी बसले. पयला तुकडा कुठं पुरलाय ते त्यानं काठीनं दाखवलं. त्याच्या बाजूलाच दुसरा पांढऱ्या फडक्यात ठेवला आनि माती लोटली.

जाताना त्यानं रिकामी बाटली मागितली, खिळ्यांना व्हईल म्हनून. मी दिली न्हाई. म्हनलं, आधी उकिडवं बसून दाखव. ती अजून माझ्या फडताळात हाय, आनि तो रोज सकाळी खाट धरून गुडघा वाकवतोय.