आठ पोती वाळू

आमच्या नामेसावा गावात घरं बावीस, पण हिवाळ्यात धूर निघतो तो नऊच घरांतून. या नऊ घरांत कोण कोणाच्या दारातला बर्फ ओढतं आणि कोण फावडं भिंतीला टेकवून "यंदा जरा जास्तच पडलाय" म्हणत नुसतं उभं राहतं, ते मला विचारावं. मी लिहून ठेवत नाही. लक्षात राहतं.

तोकुजीदादांचं घर माझ्या घराच्या वरच्या अंगाला. त्यांचं वय एक्याऐंशी आणि गाडीचं एकवीस. छोटी पांढरी गाडी, मागे उघडा हौदा, चारही चाकांना इंजिनाचा जोर. नवरा गेल्यापासून माझं रॉकेल खालून तेच आणून देतात आणि त्या बदल्यात चार चाकांचं कौतुक मला ऐकावं लागतं. गाडी सुरू कशी करतात हेही मला ठाऊक नाही, पण बाकी सगळं पाठ झालंय. चढताना चारही चाकं ओढतात, थांबताना मात्र सगळ्या गाड्या सारख्याच. बर्फाच्या उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये टाकायचं आणि इंजिनालाच गाडी धरू द्यायची. शेवटी न चुकता: "दोनच चाकं ओढणाऱ्यांनी मागे वजन टाकावं. आपल्याला काय गरज?"

या शेवटच्या वाक्यानं घात केला.

फेब्रुवारीत त्यांचा मुलगा मासाफुमी सेंदाई शहरातून आला. त्याची आई, आमच्या शिगेवहिनी, दोन वर्षांपासून विसरायला लागल्यात. त्यांना आठवड्यातून दोनदा खालच्या दवाखान्यात न्यावं लागतं आणि बस तर चार वर्षांपूर्वीच बंद झाली. म्हणजे तोकुजीदादांनी गाडी सोडली की नामेसावाचं राहणंही संपलं. सेंदाईला मुलाच्या घरी दोघांसाठी खोली तयार होती, हे नऊही घरांना माहीत होतं.

बापलेकात काय ठरलं ते शिगेवहिनींनीच येऊन मला सांगितलं. दोनदा सांगितलं. रविवारी सकाळी मासाफुमी शेजारी बसणार, तोकुजीदादा गाडी वरच्या देवळापर्यंत चढवणार आणि उतरवून आणणार. मुलाला भीती वाटली नाही, तर परवाना परत करण्याचा विषय पुन्हा निघायचा नाही. वाटली, तर किल्ली मुलाकडे. परवान्यासाठी म्हाताऱ्यांची स्मरणाची परीक्षा असते, तीत तोकुजीदादांना सोळा चित्रांपैकी चौदा आठवली होती. राहिलेली दोन कोणती, हे मात्र ते दर वेळी वेगळं सांगतात.

शनिवारी अख्खं गाव कामाला लागलं. एरवी फावडं टेकवून उभे राहणारेसुद्धा वरच्या वळणावर बर्फ खरवडत होते. मी माझ्यापुरती गाडी निवडली. दुपारी तोकुजीदादा झोपलेले असताना हौदा झाडून घ्यावा म्हणून ताडपत्री उचलली. खाली मोडकी छत्री, गंजलेली साखळी आणि वाळूची आठ पोती, दहा-दहा किलोची. प्रत्येक पोत्यावर नगरपालिकेचा शिक्का.

आमच्या उतारावर रस्त्याकडेला पिवळी पेटी आहे. चाक घसरलं तर कोणीही त्यातली वाळू घ्यावी आणि तिथेच टाकावी. घरी न्यायची नाही. तोकुजीदादा त्यातली पोती हिवाळाभर घेऊन फिरतात हे सगळ्यांना दिसत होतं, आणि एकानेही कधी तोंडावर बोलून दाखवलं नव्हतं. आपल्या-आपल्यात तेवढं चालतं. पण मासाफुमी सेंदाईला नगरपालिकेतच नोकरीला. त्याला तो शिक्का दिसला असता, तर बाप म्हातारपणी सरकारी वाळू उचलतो हेच पहिलं त्याच्या डोक्यात आलं असतं. परवान्याचं पुढे काय होणार ते मग सांगायला नको.

मी बर्फावरची घसरगाडी आणली. एका खेपेला दोन, अशी चार खेपांत आठही पोती गुपचूप पेटीत नेऊन टाकली. ताडपत्री होती तशी बांधली. रात्री वरून ताजा बर्फ पडला. चार पिंपं रॉकेलचं ऋण तरी फिटलं, असं वाटून मला शांत झोप लागली.

रविवारी दहाला शिगेवहिनींना माझ्याकडे बसवून ते दोघं निघाले. गाडी माझ्या दारावरून वर गेली, तेव्हा मी हात केला. तोकुजीदादांनी टोपीला हात लावला. मागचा भाग जरा डोलल्यासारखा वाटला, पण रस्ता खडबडीत, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

वहिनींपुढे चहा आणि धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं ठेवलं. माझ्या खिडकीतून उतार दिसतो, पेटीही दिसते. मी ती इतकी ठासून भरली होती की झाकण अर्धवट उघडं राहिलं होतं. वहिनी लोणचं चावत तिकडे बघत होत्या.

"ह्यांची पोती तिथे कशी गं?"

नगरपालिकेची आहेत ती, मी म्हटलं.

"हो, पण गाडीत असतात ना. रिकाम्या गाडीनं हे कधी उतरत नाहीत. मागचं हलकं पडतं."

"पण वहिनी, चारही चाकं ओढतात, वजनाची गरज नाही म्हणतात ना ते?"

"ते लोकांना सांगायचं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मुळ्याची आणखी एक फोड घेतली.

त्याच सकाळी त्यांनी मला माझ्या सासूच्या नावानं हाक मारली होती. पण हे त्या इतक्या सहज बोलल्या की मी लगेच फोन उचलला. तोकुजीदादांचा फोन कायम घरच्या खणात असतो. मासाफुमीचा लावला, तर तो माझ्याच ओसरीत टांगलेल्या त्याच्या कोटात वाजायला लागला. मी गमबूट चढवून बाहेर धावले. वर, देवळाकडून, इंजिनाचा आवाज उतरायला लागला होता.

फाटकाशी पोचले आणि थांबले. रस्त्यात जाऊन हात हलवले, तर ते मला बघणार. बघितलं की थांबणार. थांबायचं म्हणजे ब्रेक. इतक्या वर्षांचं पाठांतर माझ्या कामी आलं ते इतकंच, की मला काहीही करता येणार नाही हे मला नीट कळलं. मी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले आणि तिथेच धरून ठेवले.

वळणावर गाडी दिसली. माणूस चालेल इतक्याच वेगानं येत होती. चाकं सरळ, वळताना बाजूनं दिसलेले मागचे ब्रेकचे लाल दिवे बंद. शिकवायला गाडी चालवावी तशी ते ती चालवत होते. मग कोणी तरी हळूच बाजूला सारावा तसा मागचा भाग निघाला. गाडी आडवी झाली, उलट दिशेला फिरली आणि देवळाकडे तोंड करून पाठमोरी माझ्याकडे यायला लागली. काही आवाज नाही. मासाफुमीचे दोन्ही हात समोर टेकलेले दिसले. तोकुजीदादांची मान ताठ. आता मागचे दिवे माझ्या समोर होते, आणि तेव्हासुद्धा ते लागले नाहीत.

माझ्या फाटकाशी सगळ्यांनी बर्फ आणून टाकलाय म्हणून मी महिनाभर कुरकुरत होते. त्या ढिगात गाडी मागून रुतली आणि थांबली. ताडपत्रीवरचा बर्फ एकदम खाली घसरला.

कोणालाही लागलं नाही. मासाफुमी दार धरूनच उतरला. मी माफी मागत कमरेत वाकले आणि सगळं सांगून टाकलं: पोती, शिक्का, चार खेपा. पुन्हा घे परीक्षा, म्हटलं, मी आत्ता भरते पोती. चोपन्न वर्षांचा तो पोरगा, चांगल्या वळणाचा आहे. ऐकून घेतलं त्यानं. पेटीकडे वळूनही बघितलं. मला वाटतं, तो मान्य करणार होता.

तेवढ्यात तोकुजीदादांनी काच खाली केली.

"चढतानाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "मागचं डोलत होतं. देवळाशी उतरून ताडपत्री उचलून बघायला हवी होती."

मग का नाही बघितलीत, मी विचारलं.

"हा बघत होता."

मासाफुमी बराच वेळ एका बुटानं दुसऱ्या बुटावरचा बर्फ काढत राहिला.

"सोनोए काकू, वाळूचं सोडा," तो म्हणाला. "कळलं होतं, आणि तरी गाडी खाली आणली त्यांनी."

तोकुजीदादांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खिडकीतून बाहेर धरली. दारातून शिगेवहिनी म्हणाल्या, "आलात का? चहा गार होतोय."

गुरुवारी ते तिघं सेंदाईला निघाले. छोटी गाडी मासाफुमीनेच वर नेऊन छपराखाली लावली होती. निघता निघता तोकुजीदादांनी मला बोलावलं, आणि पोती परत हौद्यात टाक म्हणाले. आता ती चालवणार कोण, असं मी विचारलं नाही. नगरपालिकेची आहेत ना, एवढंच म्हटलं.

"हिवाळ्यात गाडी रिकामी ठेवू नये."

मासाफुमी, नगरपालिकेतला माणूस, दुसरीकडे बघायला लागला. मी घसरगाडी आणली आणि चार खेपा केल्या. तोकुजीदादा मुलाच्या गाडीत काच खाली करून बसले होते, बर्फ आत येऊन त्यांच्या गुडघ्यांवर पडत होता. शेवटचं पोतं मी हौद्याच्या कडेला टाकलं.

"तिथे नको. पुढे घे, चाकाच्या वर."

मी पुढे सरकवलं.

"अजून."

अजून सरकवलं. मग काच वर गेली.