सिगारेटच्या नावावर

"ओरडून लिफ्ट खाली येणार आहे का, बाई?" मलम हेडफोनच्या माइकमध्ये खेकसला. "मेकॅनिक निघालाय. निघालाय म्हणजे निघालाय, त्याला काही पंख नाहीत. दाराला लाथा मारणं बंद करा आणि गप उभ्या राहा."

पलीकडची बाई इतका वेळ रडत होती, ती एकदम गप्प झाली. मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला, धापा टाकल्यासारखा. एरवी असा श्वास ऐकला की मलमचा आवाज आपोआप खाली यायचा. आज त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय म्हणून माणसं एवढी घाबरतात? लिफ्टमध्ये अडकलीय, विहिरीत नाही पडली.

बंद पडलेल्या लिफ्टमधून येणारे फोन घ्यायचे आणि मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हे त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारं कचेरीत कोणी नव्हतं. त्याच्याशी बोलता बोलता अडकलेली माणसं पोराबाळांच्या गोष्टी सांगायला लागत, एका आजोबांनी तर मेकॅनिक आल्यावरही फोन ठेवला नव्हता. म्हणून त्याचं नाव मलम पडलं. त्याचं खरं नाव विचारलं असतं तर शेजारच्या टेबलालाही चटकन आठवलं नसतं. आणि आता हेच मलम ज्याच्या त्याच्या जखमेवर मिरचीसारखं झोंबत होतं.

सुपरवायझर बाई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. तो फोन पलीकडच्या टेबलाने घ्यावा अशी त्यांनी हातानेच खूण केली.

"जरा पाय मोकळे करून या, मलम."

"मला काही झालेलं नाही."

"माहीत आहे हो. सिगारेट सोडलीय ना तुम्ही, होतं असं. माझे दीर तर भिंतीशी भांडायचे."

मलमने हेडफोन टेबलावर आपटला. आजूबाजूच्या माना वर झाल्या आणि लगेच खाली गेल्या. कोणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

घरीही हीच तऱ्हा. ठमीच्या, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. एक दिवसाआड ती डायलिसिसला जाऊन पडायची. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि किडनी जुळली ती एकट्या मलमची. डॉक्टरांची अट होती की देणाऱ्याने सिगारेट सोडायची, आणि सोडल्याचं रक्तात दिसलं पाहिजे. त्या संध्याकाळी आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बायकोने घरातला ॲशट्रे कचऱ्यात टाकला, आणि झालं, ठरलं. कोणी ठरवलं म्हणाल तर कोणीच नाही. तो हो म्हणाला होता का? त्याला आठवत नव्हतं. बहुतेक कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून घराने त्याला सगळे गुन्हे माफ करून टाकले होते. त्याने भरलं ताट सरकवलं, सिगारेट. बायकोवर डाफरला, सिगारेट. मुलीने दार जरा जोरात लावलं म्हणून घर डोक्यावर घेतलं, तरी सिगारेटच. "तीन महिने काढा कसेतरी," आई सगळ्यांना सांगायची, "त्याच्या तोंडाला लागू नका, बिचारा केवढं करतोय." बिचारा म्हटलं की मलमला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. तीन महिने होऊन गेले तरी घर अजून मूग गिळून बसलं होतं.

दुपारी तो कामावरून सुटून रुग्णालयात गेला. परवा रक्त तपासणार होते, त्याआधीची समुपदेशक बाईंबरोबरची ही शेवटची भेट. खोलीत भिंतीवर मेंदूचं भलंमोठं चित्र होतं आणि टेबलावर श्वासातला सिगारेटचा अंश मोजणारं, फुंकायचं छोटं यंत्र. मलमने नळीत श्वास सोडला. पडद्यावर हवा तो आकडा उमटला.

"छान," बाई म्हणाल्या. "एकदाही मोडलं नाहीत. बाकी कसं चाललंय?"

"बाकी काय, दिवसभर डोकं फिरलेलं. आज अडकलेल्या एका बाईला झापलं. घरी तर माझ्या वाऱ्याला कोणी उभं राहत नाही. ही सिगारेट माझा जीव घेणार आहे, न ओढता."

"हवीशी वाटते?"

"काय?"

"सिगारेट. ती बाई रडत होती तेव्हा खिशाकडे हात गेला का?"

मलमने उत्तरासाठी तोंड उघडलं. हात गेला नव्हता. कालही गेला नव्हता. शेवटचा कधी गेला होता, हे आठवायचा प्रयत्न केला तर तेही आठवेना.

"जातो की," तो म्हणाला.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी खुर्ची जरा भिंतीकडे वळवली.

"वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिनची वाट बघणाऱ्या जागा वाढतात. ते मिळालं नाही की त्या खवळतात आणि माणूस वसवस करायला लागतो. त्याला वाटतं हा कामाचा ताण. मग तो एक ओढतो, त्या जागा गप्प होतात, आणि त्याला वाटतं ताण गेला. ताण होता तिथेच असतो. सिगारेटने स्वतःच लावलेली आग तेवढी विझवलेली असते."

"तेच सांगतोय मी. ती आग."

"ती पहिल्या काही आठवड्यांत भडकते. मग ओसरते, कारण मेंदू त्या जादा जागा हळूहळू कमी करतो. तुम्हाला चौथा महिना लागलाय." बाईंनी यंत्राची नळी काढून टोपलीत टाकली. "ताण आला की ओढावंसं वाटणं पुढेही होतं, वर्षानेसुद्धा होतं. मेंदूला जुनी वाट पाठ असते. पण तुम्हाला ओढावंसं वाटत नाहीये. तुम्ही नुसते चिडलाय. मला नाही वाटत हा राग सिगारेटचा आहे."

"मग कोणाचा आहे?"

"ते मी कसं सांगणार?" "इथे प्रत्येक देणाऱ्याला आम्ही एकट्याला विचारतो, तुम्हालाही विचारते. नको असेल तर आत्ता सांगा. घरच्यांना आम्ही फक्त एवढंच कळवतो की तब्येतीच्या कारणाने जमत नाही. त्यापुढे कोणाला काही कळत नाही."

मलम ताडकन उठला. खुर्ची मागे भिंतीवर आदळली.

"सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मी काखा वर करीन असं वाटतं तुम्हाला? पळपुटा दिसतो मी?"

"मी फक्त विचारलं."

"नका विचारू," तो म्हणाला आणि दार उघडं टाकून बाहेर पडला.

लिफ्टने जाण्याचा प्रश्नच नव्हता. लिफ्टचं तर आज त्याला तोंडही बघायचं नव्हतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तो बाईंना मनातल्या मनात शिव्या घालत होता. मोठ्या आल्या शहाण्या. म्हणे राग सिगारेटचा नाही. मग काय हौस म्हणून चिडतो मी? खालच्या मजल्यावर आल्यावर त्याने दोन्ही हात खिशात कोंबले.

डायलिसिसच्या खोलीत ओळीने खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर ठमी पडली होती. दंडाखालून दोन नळ्या निघून मशीनमध्ये गेल्या होत्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. त्याला बघून ती हसली नाही. आजकाल हसायची नाही.

"कोणाशी भांडून आलास?"

"कोणाशी नाही."

"चेहऱ्यावर लिहिलंय." तिने मोकळ्या हाताने उशीखाली चाचपलं आणि एक पाकीट काढून त्याच्या समोर चादरीवर ठेवलं. तो पूर्वी ओढायचा त्याच सिगारेटचं पाकीट, वरचा कागदही न फाडलेला.

मलमने आधी आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं.

"कुठून आणलंस हे?"

"फाटकाबाहेरच्या टपरीवरून. मावशींना पाठवलं." मावशी म्हणजे वॉर्डातली आया. "परवा रक्त बघणार आहेत ना? आज दोन ओढ, उद्या दोन ओढ. रक्तात दिसेल. डॉक्टर नाही म्हणतील. आई म्हणेल, सवय सुटली नाही रे बिचाऱ्याची. चार दिवस रडेल आणि गप्प बसेल. तुला कोणी बोल लावणार नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे."

"मी इथे तुझ्यासाठी जिवाचं रान करतोय, आणि तू मला..." त्याचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे नळ्यांमुळे कुशीवर वळता येईना म्हणून डोळे मिटून पडले. "तुला मरायचंय का ठमे?"

"नाही." तीही आता तापली होती. "मला जगायचंय. पण असं नाही. आत तुझी किडनी आणि समोर तुझं हे तोंड, हे मला जन्मभर झेपणार नाही. महिनोन्महिने बघतेय मी. तू येतोस, त्या स्टुलावर बसतोस आणि माझ्याकडे असा बघतोस जसं काही मी तुझ्या खिशात हात घातलाय. सगळे म्हणतात सिगारेट, सिगारेट. मी तुझ्याबरोबर लहानाची मोठी झालेय, दादा. परीक्षेच्या वेळी तू सिगारेट सोडली होतीस, तेव्हा रडायचास, असा नव्हतास."

"मी कधी म्हटलं का की देणार नाही?"

"देणार असंही नाही म्हणालास. तू काहीच म्हणाला नाहीस. नुसता चिडलास."

मलमने पाकीट उचललं. ते चुरगाळून कोपऱ्यात भिरकवावं म्हणून त्याने मूठ आवळली, पण मूठ पुरती आवळली गेली नाही. त्यातल्या दोन ओढल्या तर खरंच सुटका होती. कोणी कधी विचारलं नसतं. ही गोष्ट त्याला इतके दिवस माहीत होती, हे त्याला आत्ता कळलं. बायकोने ॲशट्रे टाकला त्या दिवसापासून माहीत होती.

तो स्टुलावर बसला. पाकीट मांडीवर होतं.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्यालाच ओळखू आला नाही. "टेबलावर झोपायची भीती वाटते. मुलगी लहान आहे. उद्या माझीच दुसरी बिघडली तर? आणि राग येतो. तू आजारी पडलीस त्याचा राग येतो, मला माहितेय तुझी चूक नाही, तरी येतो. आईचा येतो. रिपोर्ट आला आणि तिने तोंडावरून हात फिरवला, जसं काही मी नुसता शाळेचा डबा धुऊन ठेवलाय."

ठमी छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. हाताला नळ्या होत्या, ते पुसता येत नव्हतं, आणि दुसऱ्या हाताने पुसायचं तिला सुचलं नाही.

"मलाही राग येतो," ती म्हणाली. "जुळली ती नेमकी तुझीच. दुसऱ्या कोणाची जुळली असती तर तोंड वर करून मागितली असती. तुझ्याकडे मागायला लाज वाटली, म्हणून आईला पुढे होऊ दिलं. आईने मागितलीही नाही, सरळ घेतली."

मशीनचा पंप संथ फिरत होता. म्हातारे झोपल्याचं सोंग घेत होते.

ठमीने नाक ओढलं. मान वळवून त्याच्याकडे बघितलं, लहानपणी त्याच्या सायकलवर एक चक्कर मागताना बघायची तसं, हो-नाहीच्या दोन्ही तयारीने.

"दादा, मला तुझी एक किडनी देशील?"

खेकसायला त्याचं तोंड सवयीने उघडलं. आत काहीच सापडलं नाही.

"विचार करून सांगितलं तर चालेल?"

"चालेल की."

"आत्ताच नाही सांगत."

"सांग सावकाश," ठमी म्हणाली. "मशीन संपायला अजून तास आहे. मी कुठे पळतेय?"

मलमने स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.