तालातून सुटलेला हॉर्न

"इथे थांबवा, भावजी."

धाकट्या दिरांनी बटण दाबलं. लॅपटॉपमधला अख्खा वाद्यवृंद गपकन गप्प झाला.

"काय चुकलं, वहिनी?"

"सगळे एकाच वेळी बोलतायत. आम्हा जावाजावांसारखे!"

भावजी हसले. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर मुलीचा जुना लॅपटॉप घेऊन ते कधीही न निघणाऱ्या सिनेमाचं संगीत रचू लागले. "हिरो आला का, की अडकलाय लिफ्टमध्ये?" बायको येता-जाता विचारायची. ऐकवायला हक्काचं माणूस एकच, वहिनी. त्यांनी तरुणपणी रेकॉर्डिंग स्टुडिओत शेवटच्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवलं होतं. तिथे एकाचा सूर हलला की सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावं लागे. त्या काळची गाणी वहिनी विसरल्या होत्या. चुका मात्र अजून आठवत होत्या.

"ड्रम कमी करा. बासरीला श्वास घ्यायला जागा द्या. वाजवणारं यंत्र असलं तरी ऐकणारा माणूस आहे."

भावजी मान डोलावत होते. पुढे एका जागी सगळी व्हायोलिनं थांबली आणि फ्रेंच हॉर्नचा पितळी सूर एकटाच मागे राहिला. ताल सोडून, कितीतरी वेळ. पाहुणे गेल्यावर दारात कुणी उगाच उभं राहावं, तसा. वहिनी नकळत डोळे मिटून ऐकत राहिल्या. पण तोंडातून सवयीनं निघालं, "हे काढा. तालातून सुटलाय."

"काढू?" एवढं एकच भावजींनी परत विचारलं.

"काढा."

आठवडाभर तो हॉर्न वहिनींच्या मागे लागला. झाडांना पाणी घालताना तोच, कपड्यांच्या घड्या घालताना तोच. फोन करून 'राहू द्या' म्हणावं, असं खूपदा वाटलं. पण मुरलेल्या कानाला माघार घेववेना.

रविवारी भावजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. संगीत सुरू झालं. ड्रम शहाणे झाले होते, बासरी श्वास घेत होती. ती जागा जवळ आली तशा वहिनी सावरून बसल्या. व्हायोलिनं थांबलीच नाहीत. सगळं गुळगुळीत पुढे निघून गेलं.

"तो हॉर्न?"

"काढला ना. तुम्ही म्हणालात तसा."

"आधीचं ठेवलंय ना कुठे?"

"छे! त्याच्यावरच नवीन केलं. बिघडलेला भाग कोण जपून ठेवतो?" भावजी पुढे वाकले. "आता एकही चूक नाही ना?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "एकही नाही."

भावजींचा चेहरा उजळला. "मग पुढचं करताना आधीच तुम्हाला विचारत जाईन."

"नका विचारू, भावजी. खरंच नका."

त्यांना तो वहिनींचा विनय वाटला. हसत हसत त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.