मंजुळाची पाठवणी

चित्र गुंडाळून पाठवावं की चौकटीसकट, हे ठरवायला कोकिळाला दोन शनिवार लागले. मेहकरच्या मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीने साखरखेर्ड्याला आईकडे यायची. गुंडाळलं असतं तर पत्र्याच्या नळीत मावलं असतं. वजन कमी, म्हणजे रेल्वेचं भाडंही कमी. पण मंजुळाने मांजरपाटाला सरसाचा हात देऊन त्यावर तेलरंग चांगले जाड लावले होते आणि तीन वर्षांत ते वाळून कडक झाले होते. कडेचा, चौकटीखाली लपणारा एक कोपरा कोकिळाने जरासा वाकवून पाहिला. केसाएवढी भेग पडली. मग तिने नळीचा विचार सोडला.

हे चित्र पुन्हा काढून मिळणार नव्हतं. मंजुळा तिची धाकटी बहीण. लग्न होऊन मुंबईला गेली आणि सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, ती रंगांची पेटी घेऊनच. दिवस भरेपर्यंत बसून तिने स्वतःचं चित्र काढलं. मुलगी झाली, आणि चौथ्या दिवशी तापाने मंजुळा गेली. मुलीचं बारसं झालं तरी सगळे तिला बेबीच म्हणत राहिले. आजीने, गीताबाईने, तिला तीन वर्षं वाढवलं. मग जावई माणिकरावांनी दुसरं लग्न केलं आणि दिवाळीनंतर येऊन मुलीला घेऊन गेले. त्यात त्यांचं काही चुकलं, असं घरात कोणी म्हणालं नाही.

पौषात त्यांचं पत्र आलं. बेबी ज्याला त्याला विचारते, माझी आई कशी दिसायची. लग्नाच्या फोटोत मंजुळाने मान इतकी खाली घातलेली की मुंडावळ्यांशिवाय काही दिसत नाही, आणि शाळेच्या फोटोत तिचं तोंड तुरीच्या दाण्याएवढं. ते चित्र पाठवाल का, म्हणजे पोरीला चेहरा तरी मिळेल, असं विमलनेच सुचवलं आहे. विमल म्हणजे त्यांची नवी बायको.

तिसऱ्या दिवशी गीताबाईने स्वतःच चित्र भिंतीवरून उतरवलं आणि पदराने पुसलं.

कोकिळाने भगवानरावांच्या दुकानातून चहाचं रिकामं खोकं मागून आणलं. त्याचं लाकूड पातळ, हलकं आणि ओलीला दाद न देणारं. नारायण सुताराकडून तिने त्याची वीतभर खोल, चपटी पेटी करून घेतली. चित्र मधोमध, चारी कोपऱ्यांना सरकी काढलेल्या कापसाच्या पुरचुंड्या, वरून मेणकापड. रंगाला काहीच टेकायला नको, म्हणून चित्राच्या पुढे तिने मोकळी जागा ठेवली. वर कोणी ओझं टाकलं आणि झाकण दबलं, तरी ते चित्रापर्यंत पोचणार नाही. खिळे मारूच दिले नाहीत, कारण हातोडीचा प्रत्येक घाव आत जातो. झाकणाला सहा स्क्रू.

नारायण म्हणाला, "मास्तरीणबाई, आमच्यात नवरी बी इतकी जपून नेत नाहीत."

कोकिळा हसली नाही. पेटीत चित्राऐवजी कंदिलाची काच बांधून तिने ती बाजेच्या उंचीवरून अंगणात सोडली. पहिल्या खेपेला नारायण हसला. दुसऱ्या खेपेला पुढे येऊन वाकून पाहू लागला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, द्या, मी टाकतो. काच शाबूत निघाली. मग तिने चित्र आत ठेवलं, स्क्रू आवळले, आणि 'ही बाजू वर' असं तीन भाषांत लिहून बाण काढला.

गुरुवारी नारायणाला मलकापूरला जायचंच होतं. पेटी तो एसटीने नेऊन स्टेशनावर पार्सलला देणार होता. शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून कोकिळा सोमवारी पहाटेच मेहकरला गेली.

बाराव्या दिवशी माणिकरावांचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. दोन तासांच्या मधे, प्रयोगशाळेत उभ्याउभ्याच तिने ते वाचलं. पेटीला बाहेरून ओरखडाही नव्हता, असं त्यांनी लिहिलं होतं. आत ओटीचं सामान निघालं. नारळ सुटून वाटभर हलत आला असावा. चित्र डोळ्यांच्या खालपासून हनुवटीपर्यंत फाटलं आहे, आणि फाटलं नाही तिथला रंग तांदळांनी घासून गेला आहे. इथल्या एका चित्रकाराला दाखवलं. गेलेला भाग मनाने रंगवून देतो म्हणाला, पण मग तो चेहरा मंजुळाचा राहणार नाही. ओटी विमलने देवापुढे ठेवली आहे. उघडताना बेबी जवळच होती. हिला तोंड का नाही, असं विचारत होती. परत पाठवू का, ते कळवावं.

कोकिळाने पत्र घडी करून वहीत ठेवलं आणि नववीच्या वर्गावर गेली. बाहेरून बसेल असा प्रत्येक धक्का तिने विचारात घेतला होता. नारळ फिरायला जी जागा लागली, ती मात्र तिनेच रिकामी ठेवलेली होती.

शनिवारी ती घरी आली ती राग सांभाळूनच. आईला काय विचारायचं, ते शब्द तिने एसटीत जुळवून ठेवले होते. गीताबाई दारातच उभी होती.

"पेटी पोचली?"

"पोचली."

तेवढ्यावर गीताबाईचा चेहरा असा उजळला की कोकिळाचे शब्द मागेच राहिले. पाण्याचा तांब्या हातात देत गीताबाई आपणहून सगळं सांगू लागली. तुले सांगतलं असतं तर तू करू दिलं नसतं, म्हणून बुधवारी नारायणाला बोलावून झाकण काढवलं. त्याने थोडे आढेवेढे घेतले, पण ओटीचं ताट पाहिल्यावर मुकाट्याने स्क्रू काढले. पोरगी बाळंतपणाला आली ती परत सासरी गेलीच नाही. बाळाला घेऊन जायच्या दिवशी भरायची ओटी तशीच राहिली. आता जात होती, तर रिकामी कशी धाडायची? झाकणाखाली मावेल असा बारका नारळ मिळावा म्हणून दुकानात चार नारळ बदलले. मेणकापड सोडवून चित्रातल्या कपाळाला कुंकू लावलं. तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ खणात बांधून खाली, मांडीशी ठेवलं.

"पाठीमागं जागा होती ना, माय," कोकिळा म्हणाली.

"ओटी पदरात घालतात. पाठीवर घालतात का कोणी?"

कोकिळाने तांब्या खाली ठेवला. खोटं सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण बेबीने चित्राला नमस्कार केला का, पाहून काय म्हणाली, हे आई विचारणार होती, आणि तिथून पुढे रचत जाणं तिला जमलं नसतं.

"माय, तो नारळ सुटला."

"खणात बांधला होता म्या. दोन गाठी मारल्या होत्या."

"वाटेत सुटल्या. चित्राले लागला."

"कुठी?"

कोकिळाने तळहात स्वतःच्याच तोंडावर ठेवला आणि डोळ्यांखालून हनुवटीपर्यंत नेला.

गीताबाई खाली बसली. बराच वेळ ती उंबऱ्याच्या लाकडावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बेबीनं पाह्यलं?"

"हो."

"म्या केलं हे."

"पेटीच मी नीट केली नव्हती."

"खोटं नको बोलू. तुही पेटी चांगली होती."

रविवारी सकाळी कोकिळा उत्तर लिहायला बसली. परत मागवू नको, असं गीताबाई चुलीजवळून म्हणाली. एकदा धाडलेली पोरगी फाटकी झाली म्हणून माघारी बोलवायची नाही. तिकडंच राहू दे. आणि चित्र गेलं तर गेलं, कशी दिसायची ते तरी लिहून धाड. पोरीले वाचता येईन एक दिवस.

कोकिळाने नवा कागद घेतला. लिहिणं तिला सोपं वाटलं होतं. वर्गात ती पानाफुलांचं वर्णन रोज लिहून घ्यायची. चेहरा उभट, कपाळ अरुंद, उजवी भुवई डावीपेक्षा किंचित वर. तिथे तिचं पेन थांबलं. मंजुळाने चित्र आरशात पाहून काढलं होतं. म्हणजे चित्रातलं उजवं ते खरं डावं. तिने भुवई खोडून पुन्हा लिहिली आणि तिळाकडे आली. चित्रात तो डाव्या गालावर होता, तेव्हा मंजुळाच्या उजव्या गालावर असायला हवा. हिशेब बरोबर होता. पण डोळे मिटले की तीळ डावीकडेच दिसायचा. तीन वर्षं ती चित्रच पाहत आली होती.

"माय, मंजुळाचा तीळ कोणत्या गालावर होता?"

"हे काय विचारणं झालं?" असं म्हणत गीताबाईने समोर हात केला, न्हाऊ घालताना पोरीचं तोंड धरावं तसा. हात वर गेला, एका बाजूला वळला, मग दुसऱ्या बाजूला, आणि तसाच राहिला.

"माह्यासमोर तर ते चित्रच येते, बाई," ती म्हणाली.

कोकिळाने पेन पुन्हा उचललं. मग बाजू न लिहिता तिने लिहिलं, तुझ्या आईच्या गालावर एक तीळ होता.