मिस्त्रीची रेघ

बसा. सायकल टेकवा भिंतीला, दोन घोट पाणी प्या आणि ऐका. गोष्ट फार लांब नाही, पण खिंडीपलीकडे उतरण्याआधी ऐकलेली बरी. घाई आहे? मग तर नक्कीच ऐका.

खाली पहिल्या तळ्याच्या काठी एक सायकलचं दुकान आहे. तिथला मिस्त्री तोंडाचा फटकळ, पण हात सोन्याचा. चाक नुसतं फिरवून ऐकायचा आणि सांगायचा, कुठली तार ढिली आहे ते. पण लोक त्याला ओळखायचे ते त्याच्या रेघांमुळे. इथे डोंगर आणि तळी अशी एकमेकांत अडकलीत की खडीच्या रस्त्यांचा नुसता गुंता आहे. जाड टायरच्या सायकली घेऊन लांबलांबची माणसं यायची आणि चुकायची. मग मिस्त्री स्वतः एकेक रस्ता चालवायचा. हँडलवरचं यंत्र तो गेला त्या वाटेची नकाशावर रेघ धरायचं, घरी जावई ती कॉम्प्युटरवर चढवायचा, आणि लोक आपापल्या फोनमध्ये उतरवून घ्यायचे. सोबत मिस्त्रीच्या सूचना. 'इथे कुत्रं आहे, नुसतं भुंकतं.' 'इथे उतरा, ढकला, लाज वाटून घेऊ नका.'

त्याचा नियम एकच. माझं चाक जिथे फिरलं नाही, तिथे माझी रेघ नाही. वीस वर्षं पाळला त्याने तो.

दुकानात लेक होती हाताखाली. हाताखाली कसली, बापाच्या वरताण. जावई साधा, हसरा, कॉम्प्युटरवाला. सासऱ्याची फिरकी सहन करायचा आणि वर चहाही करून द्यायचा.

तर चार तळ्यांची फेरी करायची, हे मिस्त्रीच्या मनात फार दिवस होतं. चौऱ्याऐंशी किलोमीटर. एक दिवस निघाला. तीन तळी झाली, खिंड चढला, आणि वर पोचल्यावर गुडघ्याने जीव सोडला. सुजून नुसता डबा झाला. उरली होती फक्त चौथ्या तळ्यापर्यंतची उतरण. चार किलोमीटर. दुधाचा टेंपो डांबरी रस्त्याने खाली चालला होता, त्यात सायकल टाकली आणि आला घरी.

आता ती उतरण काही त्याला नवी नव्हती. तरुणपणी तिथूनच रोज खाणीवर कामाला जायचा. डोळे मिटले तरी वळणं दिसायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, गुडघ्यावर ओला टॉवेल, आणि जावयाला म्हणाला, "शेवटी बॅटरी गेली त्या डबड्याची. मी बोटाने दाखवतो, तुम्ही रेघ जोडा."

जावयाने जोडली. जोडता जोडता सहज विचारलं, "बाबा, चालवलंय ना पण तुम्ही?"

"मग काय, उडत आलो?"

हसले सगळे. लेकसुद्धा हसली.

शेवटच्या वळणापाशी मिस्त्रीने सूचना लिहून घेतली, 'वळण संपलं की ब्रेक सोडा. समोर अख्खं तळं दिसतं. सायकलला पळू द्या.' तरुणपणी तो तसाच सोडायचा. छातीत वारा भरायचा, म्हणायचा.

पंधरा दिवसांनी, रविवारी, लेक आणि जावई त्या फेरीला निघाले. आदल्या संध्याकाळी लेकीने नवऱ्याच्या सायकलचे ब्रेक पॅड बदलले होते. खिंडीत दोघं थांबले, बिस्किटं खाल्ली. जावई म्हणाला, "वाच गं, काय आज्ञा आहे सासरेबुवांची?" तिने फोनमधून वाचून दाखवलं. तो पुढे निघाला, ती मागे.

वळणानंतर तीस पावलं रस्ता होता. पुढे रस्ताच नव्हता. खाण गेल्या काही वर्षांत डोंगर खात खात अलीकडे आली होती. सरळ कापलेला कडा, खाली दगड. त्या बाजूने कुणी फिरकत नव्हतं, म्हणून साधी दोरीसुद्धा लावलेली नव्हती. आणि रविवार, त्यामुळे खाणीवर हटकायलाही कुणी नाही.

लेक वळणावर आली तेव्हा नुसती धूळ होती. तिने दोन हाका मारल्या. मग सायकलवरून उतरली आणि चालत कड्यापर्यंत गेली.

गावात बोलणं झालं, खाणवाल्यांनी या पंधरा दिवसांतच रस्ता खाल्ला असणार, मिस्त्री तर आत्ताच चालवून आलाय. खाणीचा मुकादम ओरडून सांगत होता की सहा वर्षं झाली. त्याचं कोण ऐकतं? आणि मिस्त्री? मिस्त्री गप्प. लोक म्हणाले, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

पण लेकीच्या डोक्यात खाण नव्हतीच. तिच्या डोक्यात ब्रेक होता.

पोलिसांनी परत दिलेली ती मोडकी सायकल तिने स्टँडवर चढवली. ब्रेक उघडायची, बघायची, जोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची. जेवण नाही, धड बोलणं नाही. गिऱ्हाईकाच्या सायकलला हात लावेना. "माझ्या हातावर भरवसा ठेवू नका," म्हणायची आणि माणसाला दारातूनच परत पाठवायची.

एका दुपारी मिस्त्री तिच्याशेजारी स्टुलावर बसला. "पोरी, पॅड बरोबर बसलेत. मी स्वतः पाहिलेत."

"तीस पावलं होती, बाबा. मी मोजली. ब्रेक लागला असता तर तो थांबला असता. मीच काहीतरी चुकले. तेलाचा हात लागला असेल माझा."

"नाही लागला."

"तुम्हाला काय माहीत? माझी समजूत काढू नका."

मिस्त्रीने तिच्या हातातला पाना काढून घेतला. फळीवर ठेवला.

"मी चालवलाच नव्हता तो रस्ता."

तिने मान वर केली.

"खिंडीतून टेंपोने आलो. बॅटरी गेली नव्हती. गुडघा गेला होता. पुढचं सगळं त्या टेबलाशी बसून, आठवणीने."

दुकानात नुसतं स्टँडवरचं चाक फिरत होतं, टक टक टक. तिने हात लावून ते थांबवलं.

"म्हणजे त्याने ब्रेक लावलाच नाही," ती हळू म्हणाली. "मी वाचून दाखवलं होतं. ब्रेक सोडा."

"हो."

"माझ्या तोंडून ऐकलं त्याने ते."

"माझं होतं ते, पोरी. तुझं नव्हे."

ती उठली. हात धुतले, नखातली काळी धार निघेपर्यंत. अंगातला एप्रन खिळ्याला अडकवला. दारात एकदाच वळली. "सोळा दिवस, बाबा. सोळा दिवस तुम्ही मला ते ब्रेक उघडताना बघत होतात." आणि गेली ती तिच्या सासूकडे. अजून आलेली नाही. एप्रन तसाच आहे.

मिस्त्री त्याच दिवशी मुकादमाकडे गेला, मग पोलिसांकडे गेला, सगळं सांगितलं. रेघ पुसून घेतली. पण पुसून काय होणार? चारशे जणांनी ती आधीच उतरवून घेतलेली, त्यांनी आणखी कुणाकुणाला दिलेली. विश्वासाने हो. मिस्त्रीची रेघ म्हणजे डोळे झाकून जायचं.

खाणवाल्यांनी कड्यावर तार ओढली, ती दोनदा दगडांनी तुटली. म्हणून तो आता रोज सकाळी खिंडीत जाऊन बसतो. गुडघा पट्ट्याने बांधलेला, शेजारी हा पिवळ्या रंगाचा डबा. रस्त्यावर आडवी फुली मारतो, टायरांनी पुसट झाली की परत मारतो. सायकलवाले थांबतात, हसतात. "आजोबा, रेघ तर पुढे जातेय की! मिस्त्रीची आहे, चुकायची नाही." तेव्हा त्याला सांगावं लागतं की मिस्त्री तो मीच. दिवसातून चार चार वेळा, अनोळखी माणसांना, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पण म्हातारा माणूस आहे. एखाद्या दिवशी ताप येईल, एखाद्या दिवशी पाय उचलणारच नाही.

तेव्हा जरा फोन काढा बघू तुमचा. चार तळ्यांची फेरी आहे ना त्यात? असेल तर इथेच, माझ्यासमोर पुसा. आणि ज्याच्याकडून घेतलीत, त्याला आत्ताच फोन लावा.